जॅकेटचं पाणी कमी होत नाही, तरी लायनर का खातंय?

डिझेल इंजिनात पिस्टन ज्या नळकांड्यात खालीवर होतो तो लायनर, आणि तो गार ठेवायला त्याच्याभोवती फिरतं ते जॅकेटचं पाणी. लक्षणं आधी सांगतो. या पाण्याच्या वरच्या टाकीची, म्हणजे हेडर टाकीची, पातळी महिनोन्महिने जागची हलत नाही. गंज थांबवणारं औषध डब्यावर लिहिलंय तेवढं मोजून घातलेलं आहे. तरी तीन-चार आठवड्यांत पाणी फिकट चहासारखं दिसायला लागतं आणि वर्ष-सव्वा वर्षात लायनर बाहेरून, म्हणजे पाण्याच्या बाजूने, खड्ड्याखड्ड्यांनी खाल्लेला निघतो. लायनर बदलला की पुन्हा तेच रामायण. तुमचा त्रास असाच असेल तर पुढे वाचा. पातळी रोज घटत असेल तर तुमचं दुखणं वेगळं आहे. ते तुलनेने सोपं, कारण गळती निदान दिसते तरी.

इंजिन माझ्या भाच्याचं. बडोद्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, त्याचं भट्टीकाम आहे. मंजूर लोड वाढवून मिळेपर्यंत दिवसपाळी जनरेटरवर चालवायची म्हणून त्याने अलंगहून मोडीत काढलेल्या जहाजाचं एक जपानी ऑक्झिलरी इंजिन (जहाजाची वीज तयार करणारं) आणलं, साधारण पाचशे किलोवॅटचं. इंजिन उत्तम. अशी इंजिनं मी आयुष्यभर समुद्रावर सांभाळली, त्यामुळे घेताना मलाच विचारलं होतं आणि मीच मान हलवली होती. जहाजावर त्याचं जॅकेटचं पाणी ज्या कुलरमधून थंड व्हायचं तो कुलर मात्र इंजिनाबरोबर आला नाही. त्याच्या प्लेटा टायटॅनियमच्या, त्या वेगळ्या गिऱ्हाइकाला गेल्या. इथे त्याजागी स्टेनलेस स्टीलचा प्लेट कुलर बसवला आणि गच्चीवर कूलिंग टॉवर. कुलरमध्ये पातळ प्लेटांच्या एका अंगाने जॅकेटचं पाणी आणि दुसऱ्या अंगाने टॉवरचं. हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तिथेच चुकलो.

मला बोलावणं आलं तोवर दोनदा लायनर बदलून झाले होते. पहिल्या वेळी ओ-रिंगवर, म्हणजे लायनरच्या रबरी सीलवर, खापर फुटलं, दुसऱ्या वेळी औषधावर. औषधाचा ब्रँड बदलला. मग कोणीतरी म्हणालं की बोअरचं पाणी खारं आहे, म्हणून कँटीनच्या आरओचं पाणी भरलं. जॅकेटला हातपंपाने चार किलो दाब देऊन अर्धा तास ठेवलं, काटा हलला नाही. ब्लॉक, हेड, ओ-रिंगा सगळं घट्ट. भाचा म्हणाला, "मामा, पाणी तर बिलकुल कमी होत नाही, मग आत जातंय काय आणि बाहेर येतंय काय?" या प्रश्नात उत्तर होतं, पण त्या दिवशी ते दोघांनाही दिसलं नाही.

मी आधी लॉगबुक मागितलं. ऑपरेटरने ते इमानदारीने लिहिलेलं होतं: दर तासाला तेलाचा दाब, जॅकेटचं तापमान आणि शेवटच्या रकान्यात 'पातळी : बराबर'. सकाळी आठला बराबर, दुपारी दोनला बराबर, संध्याकाळी पाचला बराबर. तीन महिन्यांची पानं उलटली, एकाही ओळीत फरक नाही.

हा 'बराबर'च चुकीचा होता. पाणी तीस अंशांवरून ऐंशी अंशांवर गेलं की अडीच टक्क्यांच्या आसपास फुगतं. या इंजिनाचं पाणी कुलर, पाइप आणि हेडर टाकी धरून सहाशे लिटर. म्हणजे इंजिन गरम झाल्यावर बारा ते पंधरा लिटर पाणी जास्तीचं व्हायला हवं, आणि त्याला जागा एकच, हेडर टाकी. टाकीचा तळ अर्धा चौरस मीटर, तेव्हा काचेच्या नळीत पातळी जवळजवळ दोन बोटं चढायला हवी. जहाजावर शिकाऊ पोरालासुद्धा हे ठाऊक असतं. थंड पातळी आणि गरम पातळी अशा दोन खुणा काचेवर रंगवलेल्या असतात. इथे सकाळची थंड पातळी आणि दुपारची गरम पातळी एकच. याचा अर्थ इंजिन चालू असताना फुगलेल्या पाण्याइतकंच पाणी कुठेतरी निघून जात होतं. आणि सकाळी टाकी पुन्हा खुणेवर भरलेली असायची, तेव्हा रात्री तेवढंच पाणी कुठूनतरी परत येत होतं.

बडोद्यात आपल्याला पातळी बघायची सवयच आहे. पावसाळ्यात आजवा धरणाची पातळी किती झाली आणि काळाघोड्याच्या पुलापाशी विश्वामित्री २६ फुटांच्या धोक्याच्या खुणेपासून किती दूर आहे, हे शाळकरी पोरंही सांगतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तर रात्र रात्र तोच एक आकडा फोनवर फिरत होता. पण पातळी फक्त पाणी किती आहे तेवढं सांगते. आतलं पाणी कुठलं, ते तिला ठाऊक नसतं.

पाणी कुठलं हे शोधायला दोन तपासण्या पुरतात: नायट्राइट, म्हणजे औषधातला गंज थांबवणारा भाग, आणि क्लोराइड, म्हणजे पाण्याचा खारेपणा. थेंब टाकून किंवा गोळ्या विरघळवून मोजायची किट मिळतात. जहाजावर हे काम आठवड्यातून एकदा होतंच. जॅकेटच्या पाण्यात नायट्राइट सहसा हजार ते चोवीसशे पीपीएमच्या दरम्यान ठेवतात (तुमच्या औषधाचा नेमका पट्टा डब्यावर असतो, तोच पाळा), पीएच ८.३ ते १० आणि क्लोराइड ५० पीपीएमच्या आत. हा पन्नासचा आकडा लोकांना छळवाद वाटतो. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात २५० पीपीएम क्लोराइड स्वीकारार्ह आहे. आपण खुशाल पितो ते पाणी इंजिनाला चालत नाही, हे पटायला वेळ लागतो. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड एकोणीस हजार पीपीएमच्या घरात असतं. हजार लिटर जॅकेटच्या पाण्यात अडीच-तीन लिटर समुद्र मिसळला की पन्नासची मर्यादा संपली. म्हणून जहाजावर क्लोराइड वाढलं की कुलर फुटला असं धरूनच शोध सुरू होतो.

इथे नवं पाणी भरलं त्या दिवशीचा नमुना भाच्याने नशिबाने बाटलीत ठेवला होता. त्यात नायट्राइट १५०० आणि क्लोराइड २०. एकवीस दिवसांनी मी घेतलेल्या नमुन्यात नायट्राइट ९०० आणि क्लोराइड ४१०. मग गच्चीवर जाऊन टॉवरच्या हौदातलं पाणी तपासलं, तिथे क्लोराइड १०००. बोअरचं पाणी अडीचशेचं आणि टॉवरमध्ये ते आटत आटत चौपट झालेलं.

आता हिशेब बघा. नायट्राइट १५०० वरून ९०० वर आलं, म्हणजे मूळ पाण्यातलं ६० टक्के उरलं आणि ४० टक्के गेलं. गेलेल्या चाळीस टक्क्यांच्या जागी टॉवरचं पाणी आलं असेल तर क्लोराइड किती हवं? विसाचे साठ टक्के बारा आणि हजाराचे चाळीस टक्के चारशे, बेरीज ४१२. किटने ४१० दाखवलं होतं. मी भाच्याला कागदावर एवढंच लिहून दाखवलं. कॉमर्सचा असल्यामुळे त्याला ते माझ्याआधी कळलं.

पाणी थोडं थोडं जातं आणि थोडं थोडं येतं, त्यामुळे चाळीस टक्के पालटायला एकंदर तीनशे लिटरची ये-जा व्हावी लागते. एकवीस दिवसांत तीनशे, म्हणजे दिवसाला साधारण पंधरा लिटर. फुगलेल्या पाण्याइतकंच! म्हणून काचेतली पातळी हलत नव्हती. असा योगायोग मी पुन्हा पाहीन असं वाटत नाही. तुमच्याकडे गरम पातळी थोडी चढेल किंवा थोडी उतरेल, पण चढायला हवी तेवढी चढणार नाही.

टीडीएसच्या, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणाऱ्या, पेनबद्दल एक शब्द. भाच्याकडे ते होतं आणि त्याचा त्यावर फार विश्वास. औषध स्वतःच क्षार आहे. १५०० पीपीएम नायट्राइटसाठी पाण्यात सव्वादोन हजार पीपीएमच्या आसपास सोडियम नायट्राइट असावं लागतं, वर बोरॅक्स वगैरे वेगळं. त्यामुळे पहिल्या दिवशीच पेन अडीच हजार दाखवत होतं. नंतर औषध जात राहिलं आणि मीठ येत राहिलं, तर पेन पावणेतीन हजार. "एवढा फरक तर चालतोच ना, मामा." पेनला चांगला क्षार आणि वाईट क्षार यातला फरक कळत नाही. ते घरच्या आरओपाशीच ठेवा.

आणखी एक खूण डोळ्यांसमोर होती आणि सगळ्यांनी ती वेगळी तक्रार म्हणून धरली होती. टॉवरच्या हौदात बुळबुळीत शेवाळ माजलं होतं आणि कितीही ब्लीचिंग टाकलं तरी पुरत नव्हतं. दिवसा जॅकेटमधून निसटणारं नायट्राइट तिथेच जात होतं. क्लोरीन आधी नायट्राइटचं नायट्रेट करण्यात खर्ची पडतं, शेवाळापर्यंत पोहोचतच नाही.

दिवसा बाहेर आणि रात्री आत असं कसं? दाब बघा. इंजिन चालू असताना जॅकेटचा पंप कुलरपाशी अडीच किलो दाब देतो आणि टॉवरचा पंप पावणेदोन. छिद्र असेल तर पाणी जॅकेटकडून टॉवरकडे जाणार. इंजिन बंद झालं की दोन्ही पंप थांबतात आणि फक्त उंची उरते. टॉवरचा हौद कुलरच्या बारा मीटर वर, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास दाब. हेडर टाकी जेमतेम तीन मीटर वर. आता पाणी उलटं, टॉवरकडून जॅकेटकडे. रात्रभरात टाकी खुणेपर्यंत भरते आणि उरलेलं ओव्हरफ्लोच्या नळीतून मागच्या गटारात. ती नळी कोणी पाहिलेली नव्हती. मी पाहिली तेव्हा तिच्या तोंडाशी पांढऱ्या क्षाराची दाढी उगवली होती.

छिद्र पक्कं करायला आम्ही जे केलं ते कोणालाही जमेल. संध्याकाळी इंजिन बंद करून गार होऊ दिलं. कुलरच्या जॅकेटकडच्या दोन्ही झडपा बंद केल्या, तेवढ्या भागातलं पाणी काढून टाकलं आणि ड्रेनचा कॉक उघडा ठेवून खाली वीस लिटरची बादली लावली. टॉवरकडची बाजू होती तशी, भरलेली. सकाळी बादली भरून फरशीवर ओघळ. त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले (क्लोराइड असलं की याने पाणी पांढरं होतं) तर दुधासारखं पांढरं झालं. आरओच्या पाण्यात जेमतेम धुरकट. आधीच्या मंडळींनी जॅकेटला दाब दिला तेव्हा कुलर झडपेने तोडलेला होता, म्हणून त्यांना सगळं घट्ट दिसलं. त्यांची चाचणी खोटी नव्हती, अपुरी होती. दाब देताना कुलर बाहेर ठेवायची ही सवय मी जहाजावरही पाहिली आहे.

प्लेटा उघडल्यावर दोन प्लेटांना सुईच्या अग्राएवढी छिद्रं निघाली. एकमेकींना टेकतात त्या बिंदूंपाशी, गाळाच्या खाली. ३१६ जातीचं स्टेनलेस स्टील चांगलंच, पण ऐंशी अंशांच्या आसपास आणि क्लोराइड दोन-अडीचशेच्या पुढे गेलं की त्याचा भरवसा धरू नये. हजारावर तर नाहीच. टायटॅनियमला समुद्राचं पाणी काही करत नाही, उगीच नाही जहाजबांधणीवाले त्याला एवढा पैसा मोजत.

आता लायनरकडे येतो. सगळा खर्च त्याच्यावर झाला आणि दोष मात्र त्याचा कधीच नव्हता. पिस्टन खालीवर जाताना लायनरच्या भिंतीला बाजूने थाप मारतो आणि लायनर घंटेसारखा थरथरतो. भिंत मागे सरकते त्या क्षणी तिला चिकटलेल्या पाण्याचा दाब घसरतो. ऐंशी अंशांच्या पाण्याला उकळायला वातावरणाच्या निम्माच दाब पुरतो, त्यामुळे तिथे वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात. भिंत परत येते आणि ते फुटतात. बुडबुडा फुटताना पाण्याचा जो सूक्ष्म फटका बसतो तो धातूवरचा संरक्षक थर उडवतो. नायट्राइटचं काम हा थर पुन्हा बांधणं, लोखंडावर घट्ट ऑक्साइडचा पापुद्रा धरणं. सेकंदाला कितीतरी वेळा थर उडतो आणि कितीतरी वेळा बांधला जातो. नायट्राइट पुरेसं असेल तोवर ही मारामारी बरोबरीत सुटते.

नायट्राइट कमी पडलं की काय होतं हे नीट समजून घ्या, कारण इथे लोकांचा अंदाज उलटा जातो. निम्मं औषध म्हणजे निम्मं संरक्षण, असं मुळीच नाही. बहुतेक पृष्ठभाग झाकलेला राहतो आणि काही ठिपके उघडे पडतात. मग सगळा गंज त्या ठिपक्यांवर एकवटतो आणि सरळ आत खोदत जातो. औषध अजिबात नसलेलं इंजिन सगळीकडून तांबूस गंजतं. अर्धवट औषधाचं इंजिन वरून स्वच्छ दिसतं आणि लायनरला भोक पडतं. त्यात क्लोराइड आलं की ते त्या ठिपक्यांना बंद होऊच देत नाही. भाच्याच्या लायनरचे खड्डे पिस्टनची थाप बसते त्याच बाजूला, उभ्या पट्ट्यात, मधमाशीच्या पोळ्यासारखे होते. दुसरी बाजू नव्यासारखी.

तुमच्याकडे कुलरच असेल असं नाही. नायट्राइट घसरलं पण क्लोराइड जागेवर आहे, तर बाहेरचं खारं पाणी येत नाही. अशा वेळी गळती भरून काढायला कोणी गुपचूप साधं आरओचं पाणी ओततंय का, ते आधी बघा. आपल्याकडे ऑपरेटर ओरडा बसेल म्हणून हे सांगत नाहीत. साधं पाणी ओतलं असेल तर टीडीएसही त्याच प्रमाणात उतरतो. टीडीएस फारसा हलला नसेल तर जिवाणूंचा संशय घ्या, नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू असतात. पाण्याला कुजका वास आणि हेडर टाकीच्या भिंतीला चिकटा असेल तर त्यांच्यावरचं औषध वेगळं. अमोनियाचा वास आला तर पितळी आणि तांब्याच्या भागांची काळजी करा. पीएच घसरत असेल आणि हेडर टाकीत बुडबुडे येत असतील तर हेडचं पॅकिंग किंवा चीर, धुराचे वायू पाण्यात जातायत.

आरओचं पाणी एकटं घालू नका. आरओच्या पडद्यातून कार्बन डायऑक्साइड पार होतो, क्षार अडतात. असं पाणी किंचित आम्लधर्मी आणि त्याला सावरणारं आत काही नाही. औषधाशिवाय ते बोअरपेक्षा जोरात गंजवतं. औषधाबरोबर मात्र तेच उत्तम. आणि गॅल्व्हनाइज, म्हणजे जस्त चढवलेला, पाइप जॅकेटच्या लाइनला नको. जस्त औषधाशी भांडतं. साठ अंशांच्या पुढे काही पाण्यांत जस्त आणि लोखंडाची अदलाबदलही होते, जस्त सुखरूप राहतं आणि लोखंड झिजतं. भाच्याच्या हेडर टाकीची एक नळी गॅल्व्हनाइज होती, ती काढली.

दुरुस्तीबद्दल आमचं एकमत झालं नाही. माझं म्हणणं, समुद्र नसलेल्या गावात टॉवर कशाला, मोठा रेडिएटर लावा म्हणजे दुसरं पाणीच उरणार नाही. भाच्याकडे जागा नव्हती आणि भट्टीशेजारची हवा आधीच तापलेली. त्याने त्याच फ्रेममध्ये बसणाऱ्या टायटॅनियमच्या प्लेटा घेतल्या. पैसा त्याचा. मी एवढंच करून घेतलं की टॉवरकडून येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्ही लाइनींना झडपा बसवल्या आणि इंजिन गार झाल्यावर त्या बंद करायच्या. टॉवरचा ब्लीडही, म्हणजे आटून खारं झालेलं पाणी थोडं थोडं सोडून देणंही, वाढवला, म्हणजे क्लोराइड पाचशेच्या वर जाणार नाही.

आतली सफाई करताना एक गोष्ट विसरू नका. आधी जुनं पाणी पूर्ण काढून साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, मगच आम्ल. नायट्राइट असलेल्या पाण्यात आम्ल पडलं की विषारी वायू सुटू शकतो. काढलेलं पाणी गटारात सोडू नका, टाकाऊ रसायनं नेणाऱ्यांना द्या. आणि सोडियम नायट्राइट दिसायला मिठासारखं असतं, पोटात गेलं तर रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद जाते. भाच्याच्या शेडमध्ये ते चहाच्या टेबलाखाली उघड्या डब्यात होतं. आता कुलपात आहे आणि डब्यावर मराठी-गुजराती दोन्हींत 'विष' असं लिहिलंय. जहाजावर पूर्वी क्रोमेट वापरायचे, गंजाला अप्रतिम. पण जॅकेटच्या उष्णतेवर आम्ही पिण्याचं पाणी तयार करायचो, तिथे गळती झाली तर काय, म्हणून ते गेलं.

लॉगबुकातला 'बराबर' मी बंद केला. काचेवर दोन खुणा रंगवल्या, खालची निळी आणि वरची लाल, आणि रकान्यात सेंटिमीटर लिहायला सांगितले. शेजारी, कोणीही पाणी ओतलं तर किती लिटर, त्याचा रकाना, आणि ओतल्याबद्दल कोणाला बोलायचं नाही असं भाच्याला बजावलं. दर सोमवारी नायट्राइट आणि क्लोराइड.

नव्या प्लेटा बसल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सूरसागरच्या काठी संध्याकाळी फिरायला निघालो होतो, तेवढ्यात ऑपरेटरचा फोन आला. आवाज घाबरलेला. "काका, पाणी वर चढतंय. तीन सेंटिमीटर चढलं. इंजिन बंद करू का?"

"चालू दे," म्हटलं. "रकान्यात तीन लिही."